साळिंदराच्या बिळावरचा पहारा

एका कोरड्या जंगलात एक सशीण राहत असे. स्वभावाने भित्री, पण गोल राखायला उभी राहिली की तिच्या तोडीचं जंगलात दुसरं कुणी नव्हतं. गोल म्हणजे पाणवठ्याशेजारच्या मोकळ्या रानातली, दोन पळसांमधली जागा. त्या जंगलात फुटबॉल कुणी गंमत म्हणून खेळत नसे. उन्हाळ्यात तिथे एकच पाणवठा उरायचा. त्याच्यावरून पूर्वी इतके जीव गेले होते की शेवटी दात-नखं बाजूला ठेवून नियम ठरला : चैत्रात एक सामना व्हायचा, जो जिंकेल त्याचा पाणवठा, पुढच्या पावसाळ्यापर्यंत. हरेल त्याने दोन टेकड्या ओलांडून झऱ्यावर जायचं. झऱ्याच्या वाटेवर एक उघडा उतार होता. ना झुडूप, ना खडक, आणि वर गरुड. सशिणीच्या आईला गरुडाने त्याच उतारावरून उचललं होतं, तिच्या डोळ्यांदेखत. आता सशिणीला स्वतःची तीन पिल्लं होती, धड पळताही न येणारी. सामना म्हटला की तिला गोल दिसायचा नाही, तो उतार दिसायचा.

पूर्वी दरवर्षी पलीकडच्या टेकडीवरची तरसं जिंकायची. मग अलीकडच्या लहान प्राण्यांना साळिंदर मास्तर म्हणून मिळाला आणि तीन वर्षं पाणवठा त्यांच्याकडे राहिला. मास्तर कमी बोलायचा. चुकलं की पाठीवरचे काटे खळखळवायचा, बस. तरसं अंगाने जड असतात, त्यांना वळायला वेळ लागतो, म्हणून सुक्या वेली गुंडाळून केलेला चेंडू नागमोडी न्यायचा, हे त्यानेच मुंगसाला शिकवलं. मुंगूस संघाचा कप्तान होता. सशिणीला मात्र मास्तरने एकच गोष्ट शिकवली होती. "घाबर," तो म्हणाला होता, "पण डोळे मिटू नकोस. आणि चेंडू समोरच्याच्या पायातून सुटेपर्यंत जागची हलू नकोस." तीन वर्षं ती हलली नव्हती.

सामन्याला दहा दिवस होते तेव्हा कावळा बातमी घेऊन आला. मास्तरला त्याने तरसांच्या गुहेपाशी पाहिलं होतं. बस, एवढंच पाहिलं होतं. दुपारपर्यंत खारीने त्यात भर घातली की तरसांनी मास्तरसाठी नवं बीळ खणून ठेवलंय. ऊन कलायच्या आत सगळ्यांना माहीत झालं की बिळात गोड मुळ्यांचा ढीग आहे, मास्तरने चव घेतली, मान डोलावली आणि सामन्याच्या आदल्या दिवशी तो जाणार आहे. मुळ्या कुणी पाहिल्या, मान कुणी पाहिली, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. सशिणीचे कान लांब, त्यामुळे तिच्यापर्यंत सगळंच पोचायचं. तिने चरणं सोडलं. पिल्लं दूध पीत असायची आणि ही आभाळाकडे बघत बसायची.

दुसऱ्या दिवशी सरावाला ती सगळ्यांच्या आधी गेली. मास्तर एकटाच होता. विचारायचं तिने पक्कं केलं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. मास्तरने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काय गं सशे?"

"काही नाही, मास्तर."

तो थोडा वेळ थांबला. मग बाकीचे आले आणि सराव सुरू झाला.

आता मुलांनो, ती का बोलली नाही हे तुम्हाला कळायला हवं. त्या जंगलात एक रीत होती. मोठ्यांना तोंडावर काही विचारायचं नाही. ज्याच्याबद्दल प्रश्न असेल त्याच्याकडे न जाता पाणवठ्यावरच्या कातळाशी जायचं. तिथे म्हातारा वानर आणि म्हातारं कासव बसलेले असत. त्यांना सांगायचं, ते विचार करणार, आणि मग ते बोलतील ते खरं. याला तिथे शिस्त म्हणत. या दोघांनी जन्मात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. पण केस पांढरे होते आणि पाठ जाड होती, तेवढं पुरायचं.

कातळाखाली त्या दिवसापासून रीघ लागली. येणारा प्रत्येक जण घाबरलेला, आणि रिकाम्या हातांनी कुणी येत नसे. कुणी बोरं आणी, कुणी कोवळा पाला. वानर बोरं खात ऐकून घ्यायचा आणि गंभीर चेहरा करून म्हणायचा, "बघू. परिस्थिती नाजूक आहे." खरी गोष्ट अशी की साळिंदराचे दात सारखे वाढत असतात आणि ते झिजवायला त्याला हाडं कुरतडावी लागतात. सुकी हाडं फक्त तरसांच्या गुहेबाहेर मिळतात. मास्तर दर उन्हाळ्यात तिथे जायचा, आणि वानर ते झाडावरून दर उन्हाळ्यात पाहायचा. तो एक वाक्य बोलला असता तर सगळे आपापल्या घरी गेले असते. मग बोरं कुणी आणली असती?

तिसऱ्या दिवशी निकाल सांगितला गेला. वानराचं म्हणणं पडलं की साळिंदर काही इथला जन्मलेला नाही, बाहेरून आलेला तो बाहेर जाणारच. कासवाने आपल्या काळी कुणी असं जात नसे यावर बराच वेळ घेतला. मग वानर म्हणाला, "त्याच्या बिळाचं तोंड दगडांनी बुजवा. खेळाडूंनी पाळीपाळीने पहारा द्या. सामन्याच्या सकाळी बाहेर काढू."

मुंगसाने धीर करून विचारलं, "मग सराव कधी करायचा, आजोबा?"

"तीन वर्षं खेळताय ना? अजून शिकायचं काय राहिलंय?"

सगळे हसले. मुंगूस खाली बघू लागला. साळिंदराच्या बिळाला दोन तोंडं असतात, दुसरं मागच्या उतरणीला करवंदीच्या जाळीखाली उघडतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकही जण बोलला नाही. वानराने "तोंड" म्हटलं होतं, "तोंडं" नव्हे, आणि त्याची चूक चारचौघांत काढायची म्हणजे शिस्त मोडायची. सशिणीलाही ठाऊक होतं. तिने तर मनाशी स्वतःला पटवलं की मोठ्यांनी काहीतरी विचार केला असेल.

दगड भर दुपारी लावले, कारण साळिंदर दिवसा झोपतो. सशिणीच्या वाट्याला एक चपटा दगड आला. तो तिने नाकाने ढकलत नेला. शेवटची फट बुजत होती तेव्हा आतून काटे हलल्याचा आवाज आला. मास्तर जागा झाला होता.

"कोण आहे?"

सशीण फटीच्या सगळ्यात जवळ होती. तिचा श्वास त्याला ऐकू येत असणार.

"सशे, तू आहेस का?"

तिने दगड सरकवला.

पुढचे सहा दिवस संघाने पहारा दिला. चेंडू करवंदीच्या सावलीत पडून होता, त्याच्या वेली सुटत चालल्या होत्या. खेळाडू बिळासमोर ओळीने बसून दगडांकडे बघत, आणि रोज दोन दगड वाढवत, कारण भीती काही कमी होत नव्हती. पहिले दोन दिवस आत खुडबुड ऐकू यायची. तिसऱ्या दिवशी सशिणीची पाळी होती. तिने दगडाला कान लावला. आत काहीच नव्हतं. ती धावत कातळापाशी गेली. वानराने डोळे न उघडता सांगितलं की झोपला असेल. सशीण परत आली आणि रिकाम्या बिळासमोर पहाऱ्याला बसली. रिकामं आहे हे तिला कळलं होतं. इतरांनाही कळलं होतं. तरी प्रत्येक जण आपली पाळी नेमाने करत होता, कारण पहारा उठवला तर जे झालंय ते मान्य करावं लागलं असतं.

सामन्याच्या सकाळी दगड काढले. आत गार माती आणि दोन गळलेले काटे. वानर म्हणाला, "बघा. मी म्हटलंच होतं, जाणार म्हणून."

तरसं मैदानात उतरली तेव्हा सशीण दोन पळसांमध्ये उभी राहिली. समोर, तरसांच्या बाजूच्या कडेला, एका वारुळाशेजारी मास्तर बसला होता. ज्याची भीती होती ते आता दिवसाउजेडी समोर बसलं होतं. मुंगसाने त्याला पाहिलं आणि चेंडू सरळ न्यायला लागला, जणू वळायचं कसं हेच विसरला. पण तरसांचंही काही धड चालत नव्हतं. ती जुन्यासारखीच जड होती, जुन्यासारखीच एकमेकांवर आदळत होती. सावल्या आखूड होईपर्यंत एकही गोल झाला नाही.

मग एक मोठं तरस चेंडू घेऊन सुटलं आणि सशिणीसमोर आलं. मध्ये कुणी नव्हतं. सशिणीने एकदा मास्तरकडे पाहिलं. त्याला सगळं ठाऊक आहे, तिच्या मनात आलं. मी चेंडू सुटेपर्यंत हलत नाही हे त्याने ह्यांना सांगितलं असणार. हे माझ्या थांबण्याचीच वाट बघणार. आज थांबायचं नाही. तरसाने पाय उचलायच्या आधीच तिने उजवीकडे उडी घेतली. हवेत असताना तिचे डोळे मिटलेले होते. चेंडू सरळ आला, अगदी हळू, ती जिथे उभी होती तिथूनच आत गेला.

पहिल्या गोलाला सामना संपायचा, तसा तो संपला. तरसं पाण्यात शिरली. लहान प्राणी पिल्लं गोळा करू लागले. सशीण मैदानाच्या कडेने निघाली तर वाटेत मास्तर उभा. तो काटे फुलवून नव्हता, रागावलेला नव्हता. दमलेला दिसत होता.

"मी त्यांना काही सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "शिकवलंही काही नाही अजून."

सशिणीने पहिल्यांदा तोंडावर विचारलं. "तुम्ही आधीपासूनच जाणार होतात का, मास्तर?"

"हाडं कुरतडायला गेलो होतो. तिथे त्यांनी विचारलं, आमच्याकडे येता का. मी हसून परत आलो. वाटलं, आपल्यातलं कुणीतरी विचारेल, राहता का म्हणून. एवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी तू आलीस तेव्हा वाटलं, विचारतेय." मग म्हणाला, "ते माझ्या दारी विचारायला आले, सशे. तुम्ही दारच बुजवलंत."

ती म्हणाली, परत चला. तो नाही म्हणाला नाही. नुसता दगडांच्या ढिगाकडे बघत राहिला, आणि मग टेकडीच्या दिशेने चालू लागला.

वानर अजून त्याच कातळावर बसतो. तरसांना झाडावर चढता येत नाही, त्यामुळे फांदीवरून वाकून त्याला हवं तेव्हा पाणी मिळतं. कासव तर पाण्यातच असतं. झऱ्याला जायची पाळी त्या दोघांवर कधी येत नाही. पोरांनी शिस्त सोडली म्हणून पाणवठा गेला, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

सशीण त्याच दुपारी तीन पिल्लांना घेऊन उघड्या उताराशी पोचली. पिल्लं तहानलेली होती, थांबून चालणार नव्हतं. तिने त्यांना सांगितलं की वर बघायचं नाही, माझ्या पायांकडे बघत पळायचं. उताराच्या मध्यावर गेल्यावर गवतावरून एक सावली सरकत आली. सशीण डोळे उघडे ठेवून धावत राहिली. मागे तीन जोड्या पावलांचा आवाज होता, मग दोन.

तात्पर्य : ज्याच्या जाण्याची भीती वाटते, त्याला स्वतः जाऊन विचारा, त्याच्यावर पहारा बसवलात की त्याला जायचं कारण तुम्हीच देता. आणि मोठ्यांनी सांगितलं एवढ्याच कारणाने दगड उचलू नका. चुकीची किंमत ते मोजत नाहीत.