मिठाच्या पाण्यातली मासोळी

एका जंगलाच्या काठाला, माणसं केव्हाच सोडून गेलेल्या बंगलीच्या पडवीत, काचेच्या पेटीत एक सोनेरी मासोळी राहत असे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी बांबूच्या पन्हळीतून थेंबथेंब त्या पेटीत पडे आणि काठावरून तसंच हळूहळू वाहून जाई. दुपारी कौलांच्या फटीतून ऊन उतरलं की पेटी आतून उजळायची आणि मासोळीची सावली समोरच्या भिंतीवर पोहत फिरायची. त्या भिंतीवर एक गोगलगाय असे. ती शेवाळ खाई आणि मासोळीकडे बघत बसे. जंगलात तिला कुणी कामाची समजत नव्हतं, आणि तिचीही त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

एकदा मासोळीच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. ती खाईना, दगडांना अंग घासू लागली, आणि मग पेटीच्या कोपऱ्यात नुसती तरंगत राहिली. बातमी कळताच वानरीण आली, खार आली, कावळा आला. आजाऱ्याच्या घरी येतात तसे सगळे आपापला सल्ला घेऊनच आले. शेवटी तळ्यातल्या म्हाताऱ्या कासवाला बोलावणं गेलं. ते दोन दिवस चालत आलं, मासोळीला काचेतून नीट पाहिलं आणि म्हणालं, "पेटीतलंच पाणी कोपऱ्यातल्या त्या पसरट मातीच्या परळात घ्या. करवंदाएवढा मिठाचा खडा त्यात पुरता विरघळू द्या, मग हिला सोडा. उन्हाचा कवडसा एका फरशीवरून पुढच्या फरशीवर गेला की काढा. रोज एकदा. आणि ती कलंडायला लागली, तर कवडशाकडे बघत बसू नका. लगेच काढा." एवढं सांगून कासव परत निघालं, कारण त्याला जायलाही दोन दिवस लागणार होते.

जंगलात हरणांना चाटायला मिठाची ढेप ठेवलेली होती. तिचा खडा कुरतडून आणायचा तो खारीनं, कवडशावर नजर ठेवायची ती कावळ्यानं, आणि मासोळीला ओल्या पानात घेऊन परळात सोडायचं, पुन्हा पेटीत ठेवायचं ते वानरिणीनं, असं ठरलं. गोगलगायीला कुणी काही सांगितलं नाही. तिला मीठ लागलं तर तिचाच जीव जायचा. "तू आपली भिंतीवरच बस हो बाई," वानरीण तिला मायेनं म्हणाली, आणि मग कावळ्याला हळूच म्हणाली, की काहींच्या नशिबी नुसतं बघणंच असतं. गोगलगायीला ते ऐकू आलं. ती भिंतीवर बसली आणि बघू लागली.

दोन दिवस सगळं सांगितल्यासारखं झालं. ठिपके मात्र तसेच होते. तिसऱ्या दिवशी वानरीण लवकर आली. कासवाचं माप जरा कंजूषपणाचंच आहे असं तिला आदल्या दिवसापासून वाटत होतं, म्हणून तिनं आपल्या हातानं एक खडा परळात टाकला. मागून खार आली, तिनं तिचा नेहमीचा खडा टाकला. मग दोघींची पाठ वळलेली असताना कावळा आला. खार वाटेत खडा कुरतडत येते असा त्याला संशय होता, म्हणून त्यानंही चोचीतून आणलेला एक टाकला. कुणी कुणाला काही बोललं नाही. प्रेमानं केलेल्या गोष्टीचा काय गाजावाजा करायचा! गोगलगाय तेव्हा शंखात झोपलेली होती. भिंतीवरची पोहणारी सावली नाहीशी झाली तेव्हा ती जागी झाली. मासोळी परळात गेली होती.

पडवीत ऊन पिवळं, जड झालं होतं. वानरीण तिच्या बहिणीचं बाळंतपण कसं झालं ते खारीला सांगत होती. कावळा कवडशासमोर एका पायावर उभा होता. परळातली मासोळी एकदा जोरात फिरली, मग थांबली, मग पान कलंडावं तशी हळूच एका बाजूला कलली.

"ती कलंडते आहे," गोगलगाय म्हणाली.

"अजून अर्धी फरशी बाकी आहे," कावळा मान न वळवता म्हणाला.

गोगलगायीनं पुन्हा सांगितलं, पण तिचा आवाज तो केवढा. वानरिणीची गोष्ट ऐन रंगात आली होती. खाली परळाभोवतीची फरशी खारट पाण्यानं ओली होती, ते गोगलगायीला वरून दिसत होतं. तिनं ते पाहिलं, मासोळीकडे पाहिलं, आणि भिंत सोडून दिली.

टप् आवाज झाला तसे तिघं वळले. परळाला लागून गोगलगाय पडली होती आणि तिच्या अंगाला फेस येत होता. "अगं, मिठात कुठे आलीस?" म्हणत वानरीण धावली, आणि तेव्हा तिला परळातली मासोळी दिसली. ती आडवी झाली होती.

वानरिणीनं तिला पेटीत ठेवलं. खारीनं गोगलगायीला ढकलत ढकलत पेटीच्या काठावरून ओघळणाऱ्या पाण्याखाली नेलं. अंगावरचं मीठ धुऊन गेलं तशी ती हळूहळू शंखात शिरली. मासोळी तळाशी पडून होती, कल्ले मधूनच हलायचे, मधूनच राहायचे. कवडसा फरशी ओलांडून गेला, भिंतीवर चढला, तरी कुणी हललं नाही. आणि मग शेपटी एकदा थरथरली, आणि मासोळी सावकाश सरळ झाली.

"मी एकच खडा जास्तीचा टाकला होता," वानरीण खाली बघत म्हणाली.

"मीही एकच," कावळा म्हणाला.

खारीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

दोन दिवस मासोळीला नुसतं झऱ्याच्या पाण्यात राहू दिलं. पुढे मीठ फक्त खारीनं टाकायचं ठरलं. गोगलगाय भिंतीवरून मासोळीकडे बघत राही, आणि ती "आता" म्हणाली की कवडसा कुठेही असो, वानरीण पान पुढे करी. आठवडाभरात ठिपके गळून गेले.

बरी झाल्यावर मासोळी काचेला येऊन टेकली. "त्या दिवशी मला पाण्यातून सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या," ती म्हणाली. "तोंड तेवढं तुझंच दिसत होतं."

गोगलगाय भिंतीवरून उतरली, सावकाश पेटीवर चढली आणि काचेच्या या बाजूनं तिला टेकून बसली.

तात्पर्य : आजाऱ्याला औषध देणारे पुष्कळ भेटतात, त्याच्याकडे लक्ष देऊन बघणारं एक तरी जवळ असावं.