गडावरचा पोपट

फार जुन्या काळी एका डोंगरी गडावर साळू नावाची एक बाई पोपटाची राखण करायची. पोपट साधासुधा नव्हता. गडाखालच्या रानाच्या नाईकाने तो किल्लेदाराला भेट दिला होता आणि म्हणाला होता, "हा आमच्या देवराईतला आहे. तुम्ही याला नीट सांभाळलंत, की घाटातून तुमची माणसं निर्धास्त येतील-जातील."

किल्लेदाराने पोपटासाठी पितळेचा लखलखीत पिंजरा घडवून घेतला. डाळिंबाचे सोललेले दाणे, भिजवलेले बदाम, वाळ्याचं पाणी, कशाची म्हणून कमी नव्हती. हुकूम एकच होता, "पिंजऱ्यात काडीकचरा दिसता कामा नये." किल्लेदार तापट होता. साळूच्या आधीच्या राखणदाराकडून पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं, तर त्याला त्याच दिवशी बायकामुलांसकट गड उतरायला लावलं होतं. म्हणून साळू पिंजरा दिवसातून चारदा पुसायची.

एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी तिला दोन हिरवी पिसं दिसली. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी तिने डोळ्यांनी पाहिलं. पोपट मान वाकवून स्वतःच्याच छातीचं पीस चोचीत धरत होता आणि हिसडा देऊन उपटत होता.

आधीच्या राखणदाराचं काय झालं, ते साळूला आठवलं. तिने पिसं गोळा केली आणि चुलीत टाकली. जळक्या पिसांचा वास खोलीभर पसरला, तेव्हा ती दार लावून पदराने वारा घालत बसली. गुपचूप वैद्याला दाखवलं, तर तो म्हणाला, "रोग काही दिसत नाही."

पंधरा दिवसांत पोपटाची छाती उघडी पडली. कातडीवर रक्ताचे ठिपके दिसू लागले. साळूने पिंजऱ्यावर कापड टाकलं, ते सुतळीने बांधलं आणि विचारणाऱ्याला सांगू लागली, "त्याला ऊन सोसत नाही."

तेवढ्यात निरोप आला. परवा नाईक पोपटाला भेटायला गडावर येणार.

साळूने घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराजवळ मन मोकळं केलं. तो हळू आवाजात म्हणाला, "रानातून दुसरा पोपट धरून आणतो. हिरव्यात हिरवा, कुणाला कळतंय?"

"आणि हा?"

"याचं काय ते मी बघतो. तू विचारू नकोस."

साळू काही बोलली नाही. त्याने तोच होकार समजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिंजरा अगदी गप्प होता. पोपट मेला असं वाटून साळूने कापड बाजूला केलं. पोपट जिवंत होता. गजांमधून त्याने सुतळीचं टोक आत ओढलं होतं आणि तो एका पायाने गाठ धरून चोचीने ती सोडवत होता. इतका रमला होता, की साळूकडे त्याने पाहिलंही नाही. तळाशी सुतळीचे तुकडे पडले होते. पीस मात्र एकही नव्हतं.

साळू बघतच राहिली. मग ती उठली आणि कडुनिंबाची कोवळी फांदी, पानांसकट मक्याचं कणीस, नारळाची करवंटी असं काय काय घेऊन आली. शेंगदाणे तिने पळसाच्या पानांत बांधले आणि त्या पुड्या दोरीला गाठी मारून टांगल्या. पोपटाने आधी लांबूनच एक डोळा लावून पाहिलं. मग संध्याकाळपर्यंत तो सोलत, फोडत, उलटा लोंबकळत राहिला. पिंजऱ्याचा उकिरडा झाला.

मोतद्दार नवा पोपट घेऊन आला तेव्हा साळू म्हणाली, "तो सोडून दे."

"उद्या तुझं काय होईल, कळतंय का?"

"कळतंय," साळू म्हणाली.

नाईक आला. किल्लेदाराने पिंजरा पाहिला. आत कचरा आणि त्यात उघड्या छातीचा पोपट. त्याचा चेहरा लाल झाला. साळू हात जोडून उभी राहिली आणि पिसं चुलीत टाकल्यापासून दुसरा पोपट आणवण्यापर्यंत सगळं तिने सांगून टाकलं.

नाईकाने पोपटाला नीट निरखून पाहिलं. मग त्याने विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस, बाई?"

"भीती वाटली."

"कुणाची?"

साळूने मान खाली घातली. दाराशी उभ्या पहारेकऱ्यांनीही खाली घातली. किल्लेदाराने ते पाहिलं आणि ओठांवर आलेला शब्द गिळला.

नाईक म्हणाला, "याच्या डाव्या पायाचं एक नख मोडकं आहे. ते माझ्यासमोर मोडलं. दुसरा पोपट ठेवला असतात, तर मी काही न बोलता उतरलो असतो आणि घाट बंद केला असता." मग तो पिंजऱ्याजवळ बसला. "रानात हा दिवसभर कामात असतो. फळ शोधायचं, साल सोलायची, ढोली कोरायची. तुम्ही त्याला सगळं सोलून दिलंत. मग त्याने स्वतःलाच सोलायला घेतलं."

घाट उघडा राहिला. साळूही गडावर राहिली. रोज नवी फांदी, नवी गाठ, नवी पुडी पिंजऱ्यात जाऊ लागली. चार महिन्यांत पोपटाला पिसं आली. छातीवर रुपयाएवढी जागा मात्र उघडीच राहिली. तिथे पुन्हा कधीच पीस उगवलं नाही. किल्लेदार येता-जाता त्या उघड्या जागेकडे बघायचा आणि माणसांना विचारायचा, "मला सांगायचं काही राहिलंय का?" हळूहळू माणसं सांगू लागली.

तात्पर्य: पाळलेल्या जिवाला दाणापाण्याइतकंच चोचीला कामही लागतं, आणि त्याचं दुखणं भीतीपोटी झाकलं, तर त्याची खूण जन्मभर राहते.