हसऱ्या गिऱ्हाइकाचा फोटो

"मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर, अज्जा? तुम्हीच सांगा."

चन्नय्या अज्जा मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक रेवणच्या हातावर ठेवली. कुजकी तर नाही ना, म्हणून रेवणनं ती आधी उलटीपालटी करून पाहिली.

अज्जांनी उभी हयात अडत दुकान चालवलं, मग ते मुलांच्या हवाली करून मठात येऊन राहिले. रेवण इचलकरंजीत लोकांना वेबसाइट करून द्यायचा. नोकरी सोडून स्वतःचं दुकान मांडलं, आणि तेव्हापासून गिऱ्हाईक दारात दिसलं की याला आधी चोर दिसायचा.

"कोण फसवतंय तुला?"

"कोण नाही ते विचारा. कापडवाल्यानं डिझाइनचा नमुना मागून घेतला आणि भाच्याकडून तसंच करून घेतलं. क्लासवाले 'उद्या कळवतो' म्हणाले, ते अजून कळवतायत. आणि आता हे पट्टणशेट्टी."

"निपाणीचे? मिरचीवाले?"

"तेच. काम पसंत आहे म्हणतात. फक्त तुमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाशी बोलू द्या म्हणे, संध्याकाळपर्यंत नंबर पाठवा." रेवणनं आवाज खाली आणला. "यात काहीतरी काळंबेरं आहे, अज्जा. माझी गिऱ्हाइकं पळवायचा डाव असणार."

"पळवून काय करतील? फोडणीला घालतील?"

रेवण हसला नाही.

"हे काम गेलं तर दुकानाला कुलूप. मग परत पुण्याची कंपनी, आणि सासऱ्यांचं 'मी सांगत नव्हतो?' आहेच..."

अज्जांनी टरफलं बाजूला सारली.

"पट्टणशेट्टी माझ्या दुकानी यायचे. पोत्याच्या तोंडाशी चकचकीत मिरची असायची, तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. बाही वर करायची आणि हात कोपरापर्यंत आत. तळातली मूठ काढून वास घ्यायचे. एकदा एका दलालानं त्यांचा हात धरला. 'शेठ, आमच्यावर विश्वास नाही होय?' म्हणून डोळ्यांत पाणी आणलं."

"मग?"

"मग काय! शेठनी हात काढला, पोराबाळांची चौकशी केली, आणि गेले निघून."

"आणि तळाशी काय होतं?"

"ते कुणी विचारलंच नाही..."

रेवणनं खिशातून फोन काढला.

"हे बघा माझं काम. यात लपवण्यासारखं काय आहे?"

अज्जांनी चष्मा चढवला. पडद्यावर एका माणसाचा हसरा फोटो होता. खाली मजकूर : 'रेवण यांच्यामुळे आमचा व्यवसाय कुठल्या कुठे गेला! निरंजन सबनीस, उद्योजक.'

"वा! काय प्रसन्न माणूस आहे. याचाच नंबर दे की शेठना."

"ते... बाहेरगावी असतात."

"असू दे. फोन बाहेरगावी पण लागतो. लाव, आधी मीच बोलतो."

अज्जांनी फोन त्याच्यापुढे धरला.

रेवण ओट्यावरची टरफलं गोळा करायला लागला...

"सगळेच करतात असं, अज्जा," शेवटी रेवण म्हणाला. "नव्या माणसाला दारात कोण उभं करतं? फोटो इंटरनेटवरचा आहे. मजकूर मी लिहिला."

"आणि त्याच्या खालची ही मंडळी?"

"तीही तसलीच."

"म्हणजे खरं गिऱ्हाईक एकही नाही?"

"एक आहे. कबनूरच्या पिठाच्या गिरणीवाल्या मालूबाई. दळण झालं की लोकांना फोनवर कळतं, एवढंच काम. ते काय दाखवायचं?"

"बोलतील त्या शेठशी?"

"बोलतील की. गिरणी चालू ठेवून, ओरडून. बटण बारीक केलंय म्हणून मला चार शिव्याही हासडतील."

अज्जा खो खो हसले. डोळे पुसले.

"जी बाई आहे, तिच्यावर तुझा भरवसा नाही. आणि जो जन्मालाच आला नाही, त्याच्या जिवावर दुकान मांडून बसलास!"

रेवणनं फोन परत घेतला. मालूबाईंचा नंबर पट्टणशेट्टींना पाठवला. मग हसऱ्या माणसाच्या फोटोवर बोट ठेवलं... आणि पुसून टाकला. खालची मंडळीही एकेक करून गेली. पान उघडंबोडकं दिसायला लागलं.

"आता शेठ काम देतील?"

"ते मला काय ठाऊक?"

"आणि दिलं, आणि पुढे त्यांनीच फसवलं तर?"

"तर ती फसवणूक त्यांच्या नावावर मांड. पण या सबनीसांचं हसू बघून जे तुझ्याकडे आले, त्यांची फसवणूकही कुणाच्या तरी नावावर धर. हिशेब तेवढा खरा ठेव, बाबा."