लाभ आणि एक

विहारातल्या चीवरांच्या, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांच्या, कोठडीवर देखरेख कुणाची असावी, यावरून दोन भिक्षूंचे सकाळपासून वाजले होते. एक म्हणे, कोठडी माझ्याकडे, तर तपासणीही माझ्याकडेच हवी. दुसरा म्हणे, मग ती तपासणी कसली? शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, दोघांना जवळ बसवून घेतले आणि ही कथा सांगितली.

फार पूर्वी वेणुमती नगरीत जयंधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व दूरच्या एका डोंगरी गावात मापाऱ्याच्या घरी जन्माला आले. त्यांचे नाव सोमिल. मापारी म्हणजे लोकांचे धान्य मोजून देणारा. सोमिलाने माप कधी दाबून भरले नाही की पोकळ भरले नाही, त्यामुळे दोघांचा तंटा झाला की लोक म्हणत, सोमिलाला मोजू द्या आणि गप्प बसा.

इकडे वेणुमतीत तंटा होता तो मोठ्या माणसांचा. दुष्काळासाठी साठवलेल्या धान्याचे मोठे कोठार नगरीत होते आणि ते महामात्य पुष्कराच्या ताब्यात होते. नगरश्रेष्ठी नंदिक प्रत्येक सभेत उठून म्हणे, "किल्ली यांच्याकडे, मापही यांच्याकडे. उद्या कमी पडलं तर सांगणार कोण?" पुष्कर म्हणे, "तपासनीस हवा तर नेमा, पण तो माझ्या हाताखाली. बाहेरचा माणूस आणून माझ्या डोक्यावर बसवू नका." बोलणे दोघांचेही ऐकण्यासारखे होते. पण खरे सांगायचे तर नंदिकाची निम्मी नजर धान्यावर होती आणि निम्मी पुष्कराच्या आसनावर. पुष्करालाही धान्यापेक्षा स्वतःच्या मानाचीच काळजी जास्त होती.

राजा ऐकून ऐकून कंटाळला. त्याने ठरवले, या नगरीत ज्याचे ना नाते, ना मैत्री, ना देणेघेणे, असा माणूस आणायचा आणि त्याने फक्त राजाला उत्तर द्यायचे. अशा रीतीने सोमिल वेणुमतीत आला.

आल्या आल्या त्याने एक अट घातली. "मोजणी चालू असताना कोठारातल्या कुणी आत यायचं नाही. माप मी भरीन आणि मीच मोजीन." अट रास्त होती. बारा दिवस तो रोज सकाळी कोठारात जाई आणि सूर्य कलेपर्यंत पायलीने धान्य मोजून पोत्यांत भरी. राशी होत्या दोनशे चाळीस. सगळ्या मोजून झाल्या तेव्हा धान्य नोंदीपेक्षा भरले दोनशे चाळीस पायल्या कमी, दर राशीत एक.

नगरीत एकच बोभाटा झाला. कोठाराचा कोठारी भद्रक नावाचा सत्तरीचा म्हातारा होता. तीस वर्षे तो पुष्कराच्या हाताखाली काम करीत आला होता. दुष्काळाच्या धान्यात तूट येईल तर कोठाऱ्याला घरादारासह नगरीबाहेर घालवावे, असा तिथला कायदा होता. भद्रकाची बायको अंथरुणाला खिळलेली. तिला उचलून कुठे न्यायचे, हे त्या बिचाऱ्याला सुचेना. राजाने त्याला नगरी सोडायला चार दिवसांची मुदत दिली.

भद्रक सभेत एवढेच म्हणाला, "महाराज, चोर कधी राशीमागं बरोबर एकच पायली नेतो का?"

"मुरलेला चोर असाच नेतो," नंदिक म्हणाला, आणि सभेत हशा पिकला. सोमिल मात्र हसला नाही. म्हाताऱ्याचा प्रश्न त्याच्या मनात कुसळासारखा रुतून बसला.

काम आटोपले म्हणून दुसऱ्या दिवशी सोमिल बाजारात गेला. आजवर तो राजाच्या मुदपाकखान्यात जेवला होता, आता गावी जाऊन येण्यासाठी वाटेची शिदोरी हवी होती. गोमती नावाच्या धान्यवालीकडे त्याने पाच मापे तांदूळ मागितले. तिने माप भरून त्याच्या उपरण्यात ओतायला सुरुवात केली. "लाभ, दोन, तीन, चार, पाच. घ्या."

"बाई, एक माप राहिलं," सोमिल म्हणाला.

"राहिलं कसं? तुमच्या डोळ्यांदेखत पाच घातली."

"लाभ घातला. त्यानंतर चारच घातली."

गोमतीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "कुठल्या गावचे हो तुम्ही? लाभ म्हणजेच एक. पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं. एवढंही शिकवलं नाही कुणी?"

सोमिल जागच्या जागी उभा राहिला. त्याच्या डोंगरी गावात राशीतले पहिले माप पाखरांसाठी बाजूला काढीत, त्याला लाभ म्हणत, आणि एक, दोन, तीन हा आकडा त्यानंतर सुरू होई. इथे कोठारात त्याच्या जिभेने सवयीने लाभ म्हटले होते आणि हाताने ते माप बाकीच्या धान्यात ओतले होते. दोनशे चाळीस राशी, दोनशे चाळीस लाभ. धान्य सगळे जागेवर होते. मोजणीतच चूक होती आणि ती त्याची स्वतःची होती.

"घेताय की नुसते बघताय?" गोमतीने विचारले. त्याने तांदूळ घेतले आणि तडक कोठार गाठले. तीन राशींची पोती सोडून त्या पुन्हा मोजल्या, या वेळी वेणुमतीच्या रीतीने. तिन्ही पुरेपूर भरल्या.

बोधिसत्त्व असले तरी तो जन्म माणसाचाच होता. राजाला सांगण्याआधी तपासनीस हवा म्हणणाऱ्याशी बोलावे, असे त्याला वाटले. तो नंदिकाकडे गेला आणि घडले ते सगळे त्याने सांगितले. नंदिकाचा चेहरा उतरला.

"हे आणखी कुणाला बोललास?"

"अजून नाही. उद्या सभेत सांगणार आहे."

"सोमिला, जरा शांतपणे विचार कर," नंदिक हळू आवाजात म्हणाला. "उद्या तू हे सांगितलंस की पुष्कर टाळ्या पिटील. स्वतंत्र तपासनीस म्हणजे पोरखेळ, असं म्हणेल. तुझं पद तर जाईलच, पण ते पदच या नगरीतून कायमचं उठेल. मग पुढं खरीखुरी चोरी झाली, दुष्काळ पडला, लोक उपाशी मेले, तर त्याचं पाप कुणाच्या माथी? एका म्हाताऱ्याला बाहेर जावं लागेल, एवढंच ना? मी त्याला दुसऱ्या गावी घर बांधून देतो. आणि तू इथं जन्मभर तपासनीस राहशील, हा माझा शब्द."

नंदिकाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, आणि तेच तर अवघड होते. सोमिल म्हणाला, "श्रेष्ठी, माझी चूक मी झाकली तर माझ्यात आणि ज्याला पकडायला मला आणलं त्याच्यात फरक काय उरला? पद राहील, पण त्या पदावर बसून मी कुणाकडे बोट दाखवू?"

दुसऱ्या दिवशी भर सभेत त्याने सगळे सांगितले. लाभ, एक, पाखरे, गोमती, काही लपवले नाही. "महाराज, शिक्षा मला करा. भद्रक निर्दोष आहे," असे म्हणून तो हात जोडून उभा राहिला.

पुष्कर उठला. त्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "पाहिलंत, महाराज? बाहेरच्या माणसाला इथली भाषासुद्धा कळत नाही. तपासणी माझ्या हाताखाली द्या आणि हा खेळ मिटवा."

राजा भद्रकाकडे वळला. "यात सर्वांत जास्त तू सोसलंस. तूच सांग, तपासनीस ठेवावा की न ठेवावा?"

भद्रक म्हणाला, "ठेवावा महाराज. याच माणसाला ठेवावं, आणि कुणाच्या हाताखाली ठेवू नये." मग तो राजाच्या आसनासमोर आला. "अकरा वर्षांमागं पावसाचं पाणी शिरून माझ्या हातून अठरा पायल्या धान्य भिजलं. मी भिऊन ते कोरड्यात मिसळलं. सगळं पेवच्या पेव कुजलं. किडीनं खाल्लं, असं मी सांगितलं. या माणसाला काल चूक कळली आणि आज त्यानं सांगितली. मला अकरा वर्षं लागली."

राजाने विचारले, "अरे, तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगणार होतो, महाराज?" भद्रक म्हणाला.

राजाने पुष्कराकडे पाहिले. पुष्कराने मान खाली घातली. मग नंदिकानेही घातली, कारण एका म्हाताऱ्याला हाकलून पद टिकवायला तो कालच निघाला होता.

राजाने भद्रकाला क्षमा केली. सोमिलाचे पद तसेच ठेवले. फक्त एक भर घातली, की तपासनिसाने आधी आपल्याच मोजणीतल्या चुका कोठाराच्या दारावर लिहाव्यात आणि मगच दुसऱ्याच्या. त्या दारावरची पहिली ओळ सोमिलाने स्वतःच्या हाताने लिहिली. आणि भद्रक जगला तोवर पहिले माप ओतताना सोमिलाला ऐकू जाईल असा मोठ्याने म्हणे, "लाभ, म्हणजे एक." सोमिल दर वेळी हसे आणि पुढचे माप भरी.

एवढे सांगून शास्त्यांनी त्या जन्माचा या जन्माशी मेळ घातला. तेव्हाचा राजा जयंधर म्हणजे आजचे स्थविर उपसोम. बाजारातली गोमती म्हणजे रोज दारात भिक्षा वाढणारी उपासिका सुजया. कोठारी भद्रक म्हणजे चीवरांच्या कोठडीत गुपचूप काम करणारा वृद्ध भिक्षू नागिल, ज्याला सकाळच्या भांडणात कुणी काही विचारलेच नव्हते. महामात्य पुष्कर आणि श्रेष्ठी नंदिक कोण होते, हे सांगताना शास्ते समोर बसलेल्या दोघांकडे पाहून फक्त हसले. आणि सोमिल मापारी म्हणजे शास्ते स्वतः. त्या जन्मी त्यांनी पूर्ण केली ती सत्यपारमिता, म्हणजे सत्याचे परिपूर्ण व्रत, आणि तिची सुरुवात स्वतःपासून होते.

ते दोघे भिक्षू उठले आणि नागिलाला विचारायला कोठडीकडे गेले.