ढोलीतली दादाची खूण

फार पूर्वी एका रानात एक सामाईक ढोली होती. सुगीत प्रत्येकाने तोंडभर दाणे तिथे टाकायचे, अशी रीत. तिचा राखणदार भुरादादा खार साथीच्या रोगात गेला आणि त्याचा धाकटा भाऊ झिपरू ढोलीच्या तोंडावर शेपूट पसरून बसला.

साथीमुळे सगळे घरातच अडकलेले. कामं बंद, पोटं रिकामी. रानाची कारभारीण कासवआजी म्हणाली, "झिपरू, ऊठ. घरोघरी दाणे पोचवायचेत."

"मुळीच नाही! दादाने नखाने कोरलेली ही खूण बघ. इथवर भरलीय त्यानं. फुकट खाऊन सगळे लोळत पडतील!"

"लोळू देत की. सुगरण उपाशी मेली, तर पावसाळ्यात घरटी तू विणणार का रे, शेपटीने?"

झिपरू शेपूट आवरून बाजूला झाला. घरोघरी दाणे पोचले, ढोलीचा तळ दिसू लागला.

साथ ओसरली. तगलेली सुगरण लगेच विणायला बसली, घरटी मिळताच पाखरं दाणे टिपायला मोकळी झाली, उंदीर शेतात धावले. सुगीत ढोली अशी भरली, की दादाची खूणच दिसेना. झिपरूने दाणे उकरून तिच्यावरून एकदा पंजा फिरवला, दाणे पुन्हा लोटले आणि ओरडला, "आजी, आता दुसरी ढोली शोध!"