ठकूबाईचं भोकर

भोकराच्या पारावर बैठक मारून सुभेदारांनी हुकूम सोडला, "हे झाड आजच तोडा! माझ्या मेण्याला आडवं येतं, आणि उपयोग तर काडीचा नाही!"

गावकऱ्यांनी माना खाली घातल्या. ठकूबाईच्या सासूने लावलेलं ते भोकर साऱ्या गावाला लोणचं पुरवायचं, खोकल्यालाही उतार द्यायचं. पदर खोचून ठकूबाई पुढे आली.

"सरकार, लई कामाचं झाड हाय."

"असं? मग मी इथून उठायच्या आत एक काम दाखव. नाहीतर कुऱ्हाड!"

ठकूबाईचे डोळे चमकले. "तर मग उठाच, सरकार!"

सुभेदार तावातावाने उठायला गेले आणि धपकन खाली बसले. पारावरची पिकली भोकरं त्यांच्याखाली चिरडली होती, अन् त्या चिकट गराने रेशमी धोतर दगडाला घट्ट धरलं होतं!

"हेच का याचं काम?" सुभेदार कडाडले.

"व्हय जी," ठकूबाईने हात जोडले. "आजवर जो तो अधिकारी हुकूम सोडून निघून गेला. गाऱ्हाणं ऐकायला त्याला बसवून ठेवील, असं झाड हे एकच!"

सुभेदार क्षणभर धुमसले, मग खो खो हसत सुटले. कुऱ्हाडी माघारी गेल्या, आणि धोतर सुटेपर्यंत त्यांनी गावाचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं.