चाखणाऱ्याचे दात

निंबाळगडच्या राजे मानाजीरावांचा शेवटचा दात पडला आणि त्यांनी आचाऱ्याला बेड्या ठोकल्या. “यानेच विष घातलं!”

राजांचं प्रत्येक ताट आधी चाखणारा हैबती पुढे आला. तीस वर्षं तेच अन्न खाऊन त्याचे बत्तीसही दात शाबूत होते.

“महाराज, आचारी निर्दोष आहे. पुढचा पदार्थ चाखण्याआधी मी दर वेळी चूळ भरायचो. आपल्या मात्र दिवसभर गालात पेढा आणि हातात सरबत असायचं.”

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“घटकेत मारणारं विष ओळखायला मला नेमलं होतं, महाराज. तीस वर्षं लावणाऱ्या विषाचं कुणी विचारलंच नाही.”

राजांनी आचाऱ्याला सोडलं. समोर कोवळा हुरडा आला होता. तो त्यांनी ओंजळीत घेऊन नुसताच हुंगला.